जुन्या डिझेल इंजिनातील चामडे आणि त्याला पाजायचे तेल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या काळातला फोर्डसन मेजर ट्रॅक्टर पाच वर्षे गोठ्याशेजारी उभा होता आणि आता तो पुन्हा सुरू करायचा आहे. डिझेल पंपाच्या गव्हर्नरमधला, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागातला, चामड्याचा डायफ्राम (लवचिक पडदा) कडक झाला आहे. गावात कोणी जवसाचे तेल लावायला सांगतो, कोणी ग्रीस, तर कोणी डायफ्राम रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा म्हणतो. त्याचबरोबर विहिरीवरच्या जुन्या स्लो स्पीड (हळू फिरणाऱ्या) इंजिनाचे चामडी ऑइल सील, म्हणजे शाफ्टजवळून तेल गळू न देणारी कडी, आणि चक्कीचा चामडी पट्टा यांना काय लावावे, हेही आपण विचारले आहे.

डायफ्रामपुरते उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. सांगितलेल्या तिन्ही गोष्टी करू नका. डायफ्राम फाटलेला नसेल तर त्याला नीट्सफूट तेल, म्हणजे जनावराच्या पायाच्या हाडांपासून काढलेले पातळ तेल, थेंबाथेंबाने पाजा. ते मिळत नसेल किंवा घरात चालत नसेल तर औषधाच्या दुकानातले शुद्ध एरंडेल वापरा. दोन्ही नसेल तर नवे, न वापरलेले, साधे एसएई ३० (हा तेलाच्या घट्टपणाचा क्रमांक) इंजिन ऑइल चालेल, पण ते लवकर निघून जाते आणि दर हंगामाला पुन्हा द्यावे लागते. हाच क्रम का, हे कळले तर पट्टा आणि सील यांचे उत्तर आपोआप निघेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कमावलेले चामडे म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या अतिशय बारीक तंतूंची गादी असते. कमावताना त्या तंतूंमध्ये स्निग्ध पदार्थ मुरवलेला असतो आणि त्याच्या जोडीला थोडे पाणीही असते. साध्या हवेत चामड्याच्या वजनाच्या सुमारे १२ ते १८ टक्के पाणीच असते. तंतू एकमेकांवरून सरकत राहतात ते या दोघांमुळे. आपल्याकडे नवतप्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवा कोरडीठाक होते आणि टिनाच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या यंत्रातले चामडे पाणी गमावते. त्यातच स्निग्धपणाही गेला असेल तर तंतू एकमेकांना चिकटतात आणि चामडे वाळलेल्या पळसाच्या पानासारखे कडकड वाजू लागते. म्हणून चामड्याचे वंगण आणि बेअरिंगचे वंगण यांची कामे वेगळी आहेत. बेअरिंगमध्ये तेलाचा थर दोन धातूंना दूर ठेवतो, तर चामड्यात तेलाने तंतूंच्या आत शिरून तिथेच टिकून राहायचे असते. जे तेल आत शिरत नाही, शिरून वाळून जाते, किंवा आतल्या स्निग्धपणाला विरघळवून बाहेर काढते, ते बेअरिंगला कितीही चांगले असले तरी चामड्याला निरुपयोगी असते.

डिझेलचा सल्ला इथेच चुकतो. डिझेलमध्ये बुडवलेला डायफ्राम सकाळी मऊ लागतो, हे खरे आहे, आणि त्यामुळेच हा उपाय गावोगाव टिकून आहे. पण ते डिझेल रात्रभरात चामड्यातला जुना स्निग्ध अंश विरघळवत असते. इंजिन चालू झाले, डिझेल निथळले आणि वाळले की चामडे पहिल्यापेक्षाही कोरडे पडते. पेट्रोल, रॉकेल आणि गंजलेले बोल्ट सोडवायचे फवारे यांचाही परिणाम तोच. ब्रेक ऑइल तर चामड्याजवळ आणूच नये.

आता धोक्याविषयी. आपल्या ट्रॅक्टरच्या पंपावर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर आहे. १९५२ पासून आलेल्या डिझेल फोर्डसन मेजरवर, डिझेलवर चालणाऱ्या जुन्या फर्ग्युसन टीईएफ-२० वर आणि १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकांच्या सुरुवातीच्या इंजिनांवर हीच पद्धत होती. इंजिन हवा ओढते त्या वाटेवर अरुंद गळा आणि झडप असते. तिथे निर्माण होणारी ओढ एका नळीने डायफ्रामच्या खोलीपर्यंत येते. डायफ्रामला पंपाचा रॅक, म्हणजे किती डिझेल जायचे ते ठरवणारी दांडी, जोडलेला असतो. एका बाजूने स्प्रिंग रॅकला जास्त डिझेलकडे ढकलत असते आणि दुसऱ्या बाजूने ओढ डायफ्रामला मागे खेचून डिझेल कमी करत असते. म्हणजे डायफ्राम फाटला, त्याला भोक पडले किंवा नळी सैल झाली तर डिझेल कमी करणारा हात नाहीसा होतो आणि स्प्रिंग एकटी उरते. इंजिन बंद पडत नाही, उलट सुसाट सुटते. डायफ्राम नुसता कडक झाला असेल तर इंजिन रिकामे चालताना वर-खाली हेलकावे खाते, कारण कडक चामडे ओढीला उशिरा दाद देते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. कापूस वेचणीचे दिवस होते, ट्रॉली भरून उभी होती आणि ट्रॅक्टर हेलकावे खातो म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी डायफ्राम डिझेलने धुऊन, सुकवून बसवला होता. मी पोचलो तेव्हा तो नुकताच सुरू केला होता. मिनिटभर ठीक चालला आणि मग आवाज चढत गेला, खाली आलाच नाही. चालकाने स्टॉपची दांडी ओढून धरली म्हणून वेळ निभावली. झाकण उघडल्यावर दिसले की चामडे मधल्या चकतीच्या कडेने, जिथे ते दर ठोक्याला वाकते तिथे, अर्धवर्तुळात तडकले होते. कडा हाताला कागदासारखी लागत होती आणि आजूबाजूच्या चामड्यावर तेलाचा मागमूस नव्हता. त्या दिवसापासून डायफ्राम तपासल्याशिवाय असे इंजिन मी कोणालाही सुरू करू देत नाही.

तेलांच्या निवडीत आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान जवसाच्या तेलाने झाले आहे. जवस हे आपल्या वावरातले पीक, घाण्याचे तेल घरात असते आणि नव्या लाकडाला ते लावायची पद्धत आहे, म्हणून ते चामड्यालाही चालेल असे वाटणे साहजिक आहे. पण जवसाचे तेल हे वाळणारे तेल आहे. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते आणि शेवटी कडक पापुद्रा बनते. याच गुणामुळे ते रंगात आणि वॉर्निशात वापरतात. शिकाऊ असताना मी स्वतः एका पंपाच्या डायफ्रामला हे तेल लावले होते. दोन महिन्यांनी उघडला तेव्हा चामडे पिवळट, चकचकीत आणि नखाने खरवडता येईल असे झाले होते, आणि ते पुन्हा मऊ करण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीनची तेले जवसाइतकी वाईट नसली तरी तीही सावकाश चिकट होत जातात. शेंगदाणा आणि तीळ त्यांच्यापेक्षा बरे, पण खवट होतात, आणि खवट तेलातले आम्ल पितळेवर व तांब्यावर हिरवट थर आणते. तसा हिरवा थर डायफ्रामच्या चकतीवर किंवा नळीच्या तोंडाशी दिसला तर कोणीतरी पूर्वी स्वयंपाकघरातले तेल घातले आहे, असे समजावे.

एरंडेलाची गोष्ट वेगळी आहे. ते वाळत नाही, आणि दुसरे महत्त्वाचे म्हणजे ते पेट्रोल-डिझेलसारख्या खनिज तेलांत सहज मिसळत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच वापरत, कारण तिथे वंगणाचा पेट्रोलशी सतत संबंध येई आणि इतर तेले पातळ होऊन जात. आपल्या डायफ्रामलाही डिझेलच्या वाफा आणि शिंतोडे सोसायचे असतात, म्हणून हा गुण उपयोगाचा आहे. चामडे कमावण्याच्या धंद्यात एरंडेलावर प्रक्रिया करून केलेले तेल मुद्दाम चामड्यात मुरवतात, म्हणजे या दोघांची मैत्री जुनी आहे. एरंडेलाचा दोष एवढाच की ते फार जाड असते आणि थंड असताना आत शिरत नाही. फार तापलेल्या भागावर ते चिकट थरही धरते, परंतु गव्हर्नरचे घर सिलिंडरपासून दूर असल्याने इतके तापत नाही. नीट्सफूट पातळ असते, सहज मुरते आणि हिवाळ्यातही गोठत नाही, म्हणून माझी पहिली पसंती त्याला आहे. करंजाचे तेल वाळत नाही, आणि पट्ट्यासारख्या जाड चामड्याला ते चांगले असते. परंतु घाण्यावरच्या करंजतेलात गाळ असतो, म्हणून डायफ्रामसाठी मी ते वापरत नाही. गडचिरोली-भंडाऱ्याकडे मिळणारे मोहाच्या बियांचे तेल थंडीत थिजते, तेव्हा तेही पट्ट्यापुरतेच ठेवावे.

ग्रीस म्हणजे तेल आणि साबण यांचे मिश्रण असते. साबण पृष्ठभागावरच राहतो, धूळ धरतो आणि डायफ्रामचा वजनदार लगदा करतो. काळे पडलेले वापरलेले इंजिन ऑइल तर मुळीच लावू नये. त्यात काजळी, पाणी आणि डिझेलमधल्या गंधकापासून तयार झालेले आम्ल असते, आणि आम्लाने चामड्याचे तंतू आतून कुजतात. आता १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १० भाग) खाली आले आहे, त्यामुळे नवे तेल पूर्वीइतके आम्लयुक्त होत नाही, पण आपल्या इंजिनात पाच वर्षांपूर्वीचे तेल पडून आहे हे लक्षात घ्या. ते आधी काढून टाका.

डायफ्रामचे काम असे करा. पंपाच्या मागच्या टोकावरचे गव्हर्नरचे झाकण काढताना ते तळहाताने दाबून धरा, कारण आत स्प्रिंग आहे. तिच्याखाली पातळ वायसर असतील तर त्यांची संख्या आणि जागा लिहून ठेवा, ते इकडचे तिकडे झाले तर इंजिनाचा वेग बदलतो. डायफ्राम बाहेर काढून कोरड्या सुती फडक्याने पुसा, कशानेही धुऊ नका. मग त्याला विजेच्या दिव्यासमोर धरा आणि मधल्या चकतीभोवती हळूच वाकवत पूर्ण फेरी घ्या. सुईच्या टोकाएवढाही उजेड दिसला तर तो डायफ्राम बाद समजा. त्यावर ठिगळ, रबराचे सोल्युशन किंवा लांबी लावून काम भागवू नका, त्याची दाद पुढे इंजिनच मागते. उजेड दिसत नसेल तर वाटीत थोडे तेल घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवा. तेल बोटाला सोसेल इतकेच कोमट हवे. झाडाच्या सालीने कमावलेले ओले चामडे ७० ते ८५ अंशांच्या आसपास आक्रसते, आणि एकदा आक्रसले की परत सरळ होत नाही, म्हणून तेल उकळण्याचा मोह धरू नका. खरबरीत बाजूवर, जिथे तंतू उघडे असतात, ड्रॉपरने आठ-दहा थेंब पसरून टाका आणि अंगठ्याने चोळत चोळत आत जिरवा. पहिल्या पाच मिनिटांत काहीच होत नाही असे वाटेल. मग चामड्याचा रंग गडद होऊ लागतो आणि कडकडाट थांबतो. सावलीत, ताटाखाली झाकून रात्रभर ठेवा. सकाळी अजून कडक असेल तर आणखी चार-पाच थेंब द्या, आणि बसवण्यापूर्वी वर तरंगणारे तेल पूर्ण पुसून घ्या. दाबल्यावर बोटाला तेल लागत असेल तर ते जास्त झाले. जास्त तेलाने चामडे ढिले पडून ताणले जाते, रिकामा वेग बदलतो आणि तेल ओढीच्या नळीतून इंजिनात जाते. नवा डायफ्राम आणला तरी हेच करा, कारण दुकानात पडून तोही कोरडा झालेला असतो.

बसवल्यावर इंजिन बंद असतानाच परीक्षा घ्या. ओढीची नळी गव्हर्नरपासून सोडवा, स्टॉपची दांडी ओढून रॅक मागे न्या, नळी जिथे जोडली जाते ते तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि दांडी सोडा. रॅक थोडासा पुढे येऊन अडून राहिला तर डायफ्राम हवा धरतो आहे. सरळ घसरत पुढे गेला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नका. पहिल्यांदा सुरू करताना एका माणसाला डिझेलच्या कॉकजवळ उभे करा आणि हवेच्या तोंडावर पूर्ण बसेल अशी जाड फळी हाताशी ठेवा. इंजिन सुटलेच तर फळीने हवा कोंडावी, हात किंवा फडके कधीही लावू नये.

एवढे करूनही डायफ्राम वर्षभरात पुन्हा कोरडा पडला तर दोष तेलाचा नसून पंपाचा आहे. पंपाच्या कॅमच्या खोलीत स्वतंत्र तेल असते. त्याची पातळी आपोआप वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर झिजलेल्या प्लंजरमधून (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यामधून) डिझेल खाली उतरत आहे आणि तेच चामड्यापर्यंत पोचून त्याला धुऊन काढत आहे. अशा वेळी पंप खोलून प्लंजर तपासणे हाच उपाय आहे.

विहिरीवरच्या इंजिनाच्या चामडी सीलला वेगळे तेल पाजायची गरज नसते, कारण क्रँकच्या खोलीतले इंजिन ऑइलच त्याला सतत मिळत असते. तिथे निवड इंजिन ऑइलची आहे. आपल्या उन्हाळ्यात ओलितासाठी दिवसभर चालणाऱ्या इंजिनाला मी एसएई ४० आणि रब्बीच्या थंडीत एसएई ३० देतो, तेही साधे एकाच ग्रेडचे. इंजिनाला तेलाचा फिल्टर नसेल तर खूप धुण्याची शक्ती असलेले आजचे तेल एकदम टाकू नये, त्याने वर्षानुवर्षांचा गाळ सुटून तेलाच्या वाटा बंद होतात. गिअरचे ९० नंबरचे जास्त दाबाचे तेल मी चामडी सील असलेल्या जागी वापरत नाही. गंधकयुक्त मिश्रण आणि उष्णता यांच्या संगतीत चामडे टिकलेले मी पाहिलेले नाही. नवे चामडी सील बसवण्यापूर्वी ते कोमट इंजिन ऑइलमध्ये काही तास भिजवावे आणि कोरडे कधीही बसवू नये. अनेक मिस्त्री चामड्याच्या जागी सरसकट रबरी सील बसवतात, पण शाफ्टवर खाच पडली असेल तर रबर लवकर कापले जाते आणि त्याच खडबडीत शाफ्टवर चामडे वर्षानुवर्षे टिकते. शाफ्ट गुळगुळीत करून घेता येत असेल तरच रबर बसवा.

चक्कीच्या पट्ट्याला मात्र इंजिन ऑइल किंवा ग्रीस लागताच कामा नये. खनिज तेलाने पट्टा घसरतो आणि त्याचे जोडलेले थर सुटतात. चरबी आणि थोडे एरंडेल कोमट करून पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूने पातळ हात द्यावा आणि रात्रभर मुरू द्यावे. घसरण थांबावी म्हणून राळ टाकायची सवय बहुतेक चक्क्यांवर आहे. राळेने तासभर पकड येते, पण नंतर पट्ट्याची साय चिकटून उपटली जाते आणि तिथून तडे जायला सुरुवात होते. पट्टा गुळगुळीत, म्हणजे कातड्यावर मुळात केस होते त्या, बाजूने पुलीवर बसवलेला आहे का, हे आधी पाहावे. खडबडीत बाजू पुलीकडे असेल तर कितीही राळ टाकली तरी पकड टिकत नाही. फूटव्हॉल्व्हच्या (विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) चामडी झडपेला मेण आणि चरबी वितळवून पाजलेली पुरते. पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर तिथे खनिज तेल नको.

वेळेविषयी माझा नियम असा की होळीनंतर, ऊन चढण्याआधी एकदा तेल द्यावे, आणि पावसाळ्यात वनस्पती तेल देऊ नये, कारण दमट हवेत त्यावर बुरशी धरते. बुरशी आलीच तर ती कोरड्या फडक्याने उघड्यावर पुसून चामडे सावलीत वाळवावे, उन्हात नव्हे. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे ओल्या लोखंडाला टेकून राहिले तर तिथे शाईसारखा निळा-काळा डाग पडतो आणि चामडे त्याच जागी कमकुवत होते, म्हणून पट्टा लोखंडी खुंटीला न टांगता लाकडी खुंटीला टांगावा. चरबी लावलेल्या चामड्याला उंदीर हमखास येतात. पट्टा गोठ्यात ठेवायचा असेल तर तो झाकण बसणाऱ्या पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवा, आणि ट्रॅक्टर उभा करताना हवा ओढण्याच्या तोंडावर बारीक जाळी बांधा. आपला ट्रॅक्टर पाच वर्षे उघड्या तोंडाने उभा होता, तेव्हा डायफ्रामला हात लावण्याआधी ओढीची नळी दोन्ही टोकांनी सोडवून तिच्यात फुंकर मारून पाहा. आत घरटे असण्याची शक्यता मला बरीच वाटते.